साडेसोळा मिलिमीटरचा मामा

मराठी घरात मामा आणि आगीनगाडी यांची ओळख बालवाडीतच करून दिली जाते. पुढे मुलं मोठी होतात, मामा मामाच्या गावी राहतो आणि गाडी गाण्यात राहते. आमच्याकडे तसं झालं नाही. आम्ही मोठे झालो, आमची मुलं शाळेत जायला लागली, मामाने सत्तरी ओलांडली, तरी त्याची आणि गाडीची फारकत झाली नाही. मिरजेला त्याच्या घरात पाऊल टाकलं की 'कशी आहेस' असं तो विचारत नाही. 'कशाने आलीस?' असं विचारतो. कोयनेने आले म्हटलं की पुढचा प्रश्न, 'इंजिन कुठलं होतं?' पाच-सहा तास खिडकीत पाय आखडून बसलेल्या बाईला इंजिनाचं नावगाव माहीत असायचं काही कारण नाही. पण मामाच्या चेहऱ्यावर असा भाव येतो, की ही लग्नाला जाऊन आली आणि हिने नवरदेव पाहिलाच नाही! एसटीने आले असं सांगितलं तर तो 'असो' म्हणतो आणि पाण्याचा तांब्या पुढे करतो.

असं माणूस बहुतेक घराण्यांत एखादं तरी निघतंच. खिशात पेन, पिशवीत वही, मनगटावर सेकंदाला बरोबर असलेलं घड्याळ. या लोकांना कुठे जायचं नसतं, नुसतं जायचं असतं. मामाला आम्ही एकदा महाबळेश्वरला नेलं. दोन दिवस तो पॉइंटांवर उभा राहून जांभया देत होता, कारण तिथे स्टेशन नाही. तोच मामा कुर्डुवाडीच्या फलाटावर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत रमतो आणि रात्री घरी येऊन 'आज मजा आली' म्हणतो.

घरातली त्याची भाषाही निम्मी रेल्वेची. सकाळी खांद्यावर टॉवेल टाकून न्हाणीघराच्या दाराशी उभा राहून विचारणार, "लाइन क्लिअर?" आतून मामी ओरडणार, "मेगाब्लॉक!" पाहुणे घर शोधत गल्लीच्या तोंडाशी घुटमळत असले की ते 'आऊटरला उभे' असतात. स्कूटर वाटेत आडवी असली तर ती 'लूपला घ्या'. नवा फ्रीज जिन्यावरून चढवताना पुढे दोन हमाल ओढत होते आणि मागून आम्ही तीन भाचरं ढकलत होतो, तेव्हा मामा खालून समाधानाने म्हणाला, "घाटाला मागून बँकर लागतातच." स्वतः तो हात लावत नव्हता. तो गार्ड होता. गार्डला २०२२ सालापासून 'ट्रेन मॅनेजर' म्हणायचं ठरलं आहे. मामाने ते अजून मंजूर केलेलं नाही.

नात्यातल्या मुलींची स्थळं आली की पत्रिका आजी बघायची आणि टाइमटेबल मामा. "मुलगा उत्तम आहे, पण गाव ब्रँच लायनीवर. दिवसातून दोन गाड्या. पोरीला माहेरी यायचं म्हणजे जंक्शनवर चार तास पोटली धरून बसायचं." एवढ्या एका मुद्द्यावर आपलं एक चांगलं स्थळ परत गेलं, असं माझी धाकटी मावशी अजून सांगते. तिला शेवटी दौंड मिळालं. मामा स्वतः जाऊन पाहून आला आणि खूश झाला. मुलगा नव्हे, दौंड.

खरं तर त्याला बोल लावता येत नाही. तो वाढलाच मिरजेत. पुण्याकडून येणारी मीटर गेज लाइन १९७१ साली ब्रॉड गेज झाली आणि मिरजेच्या एकाच स्टेशनात तिन्ही मापांचे रूळ नांदायला लागले. पुणे-कोल्हापूरचा साडेपाच फुटी, बेळगाव-हुबळीकडचा एक मीटरचा, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारी अडीच फुटी बार्शी लाइट. ही बार्शी लाइट एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची करणी. १८९७ साली ती कुर्डुवाडीहून बार्शीला निघाली आणि रमतगमत १९२७ साली मिरजेला पोचली. आषाढीला वारकरी तिच्या टपावरसुद्धा बसायचे. पुढे मीटर गेज गेला, मग बार्शी लाइटही रुंद झाली. सरकारी भाषेत याला गेज रूपांतर म्हणतात. मामा 'उरकलं' म्हणतो.

त्याच्याबरोबर प्रवास करणं ही वेगळीच तपश्चर्या आहे. मुंबईहून पुण्याला येताना कर्जतला गाडी थांबते आणि मागे बँकर इंजिनं जोडतात, कारण पुढे भोर घाटात सदतीसला एक असा चढ आहे. सगळा डबा वड्यासाठी उतरतो. मामा बँकरसाठी उतरतो. शेवटच्या डब्यापर्यंत चालत जायचं, इंजिन येऊन टेकताना होणारा तो ठणका कानांनी ऐकायचा, वहीत इंजिनाचा नंबर लिहायचा, आणि शिट्टी झाली की धोतराचा नसलेला सोगा सावरत पळत सुटायचं. कर्जतचा वडा त्याने आयुष्यात कधी गरम खाल्लेला नाही. मामी तो कागदात बांधून ठेवते, आणि त्यालाही लोणावळ्याआधी हात लागत नाही, कारण मधल्या वेळात मामा खिडकीशी ड्यूटीवर असतो. "ठाकूरवाडी गेलं... आता मंकी हिल... इथे वर रिव्हर्सिंग स्टेशन होतं बरं का, १९२९ पर्यंत गाडी इथून उलट्या तोंडाने जायची." हे तो समोरच्या अनोळखी गृहस्थांना सांगत असतो. ते गृहस्थ हळूच डोळे मिटून घेतात. मग मामा त्यांच्या शेजारच्याला सांगतो.

डेक्कन क्वीनचा वाढदिवस १ जूनला असतो. १९३० साली त्या दिवशी ती पहिल्यांदा धावली, आणि दर वर्षी पुणे स्टेशनवर हौशी मंडळी केक कापून तो साजरा करतात. मामाला स्वतःच्या लग्नाच्या वाढदिवसाची आठवण मामी करून देते. १ जूनची आठवण त्याला कुणी करून द्यावी लागत नाही. तो आदल्या रात्रीच पुण्याला आमच्याकडे येऊन झोपतो, पहाटे उठून दाढी करतो आणि सव्वासातला गाडी सुटायच्या कितीतरी आधी हार घेऊन फलाटावर हजर. २०२२ मध्ये गाडीला नवे एलएचबी डबे लागले तेव्हा तो दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "डायनिंग कार ठेवलीय म्हणा."

एवढं सगळं असून मामाची नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. मला लहानपणी याचं फार नवल वाटायचं. रेल्वेची परीक्षा तो पास झाला होता. हे मला मामीने सांगितलं, भाकरी थापता थापता, मामा बाहेर गेल्याची खात्री करून. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांची पानं समोर धरली आणि त्यात दडलेला आकडा वाचायला सांगितलं. मामाला नुसते ठिपके दिसले. लाल आणि हिरवा त्याला नीट वेगळे करता येत नाहीत. "सिग्नल त्याला हातावरून कळायचे गं जुने," मामी म्हणाली. "हात आडवा म्हणजे थांब, हात खाली पडला म्हणजे जा. दिव्याचे आले ते जागेवरून ओळखतो. सगळ्यात खालचा दिवा लागला तर लाल." मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "टोमॅटो मात्र मीच निवडून आणते."

अशा या माणसाला पुण्यातलं जोशींचं रेल्वे म्युझियम दाखवायचं राहून गेलं होतं. मामा पुण्याला येतो ते स्टेशन ते आमचं घर आणि घर ते स्टेशन. शिवाय 'खेळण्यातल्या गाड्या' या शब्दांना त्याने नाक मुरडलं होतं. शेवटी माझ्या मुलाला सुट्टी लागली आणि मामाला वाटलं आपण पोराला घेऊन चाललोय, मुलाला वाटलं आपण मामाआजोबांना घेऊन चाललोय. दोघांचीही तक्रार राहिली नाही.

म्युझियम कोथरूडला, कर्वे रस्त्याच्या आतल्या बाजूला आहे. भाऊ जोशी नावाच्या पुण्यातल्या उद्योजकाने जन्मभराच्या छंदातून ते उभं केलं. आधी ते हलवता येणारी मांडणी घेऊन प्रदर्शनं भरवायचे. मग कायमची जागा झाली आणि १ एप्रिल १९९८ ला लोकांसाठी उघडली. रिक्षात हे मी मामाला सांगितलं, तर तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "कोकण रेल्वे पण अठ्ठ्याण्णवचीच. म्हणजे त्या साली महाराष्ट्रात दोन रेल्वे सुरू झाल्या." यात त्याला विनोद करायचा नव्हता.

शोच्या वेळेआधी पाऊण तास आम्ही दारात. तिकिटं मी काढली. मामाने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि वरच्या खिशात ठेवली, तपासनीस येईल या तयारीने. आत गेलो आणि समोर ते आख्खं शहरच पसरलेलं दिसलं: डोंगर, बोगदे, पूल, स्टेशन, रस्ते, दिव्याचे खांब, वरून जाणारा रोपवे, एका अंगाला सर्कस, एका अंगाला पोहण्याचा तलाव, आणि गाडीत बसून पिक्चर बघायचं उघडं थिएटर. पोरं सर्कशीकडे धावली. त्यांच्या आया तलावाकडे. मामा मात्र गुडघ्यावर हात ठेवून सावकाश खाली वाकला, इतका, की त्याची हनुवटी रुळाच्या पातळीला आली, आणि त्याने एक डोळा मिटला.

"सगळे वरून बघतायत," तो म्हणाला. "वरून विमान बघतं. गाडी फलाटावरून बघायची असते."

मीही वाकून पाहिलं. आणि खरंच, खेळणं कुठल्या कुठे गेलं. दोन रूळ लांब जाऊन वळणात शिरत होते, वळणाच्या बाहेरचा रूळ किंचित उचललेला होता की मला तसा भास झाला कोण जाणे, सिग्नलचा खांब आभाळाला लागल्यासारखा दिसत होता, आणि लांबून बोगद्यातून इंजिनाचा दिवा सरळ आपल्या अंगावर येत होता. मी नकळत मागे सरले. मामाने माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता परत डोळा मिटला.

शो सुरू झाला. वाफेचं इंजिन, डिझेल, वीज, बुलेट ट्रेन, एकाच वेळी किती गाड्या फिरत होत्या. एक अडली की दुसरी तिच्यासाठी थांबत होती. निवेदनात रेल्वेचा इतिहास सांगत होते आणि मामाचे ओठ आरतीसारखे सोबत हलत होते. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, दुपारी तीन पस्तीस, चौदा डबे. इंजिनांची नावं निवेदनात येतात का याची वाट न बघता तो माझ्या मुलाच्या कानात कुजबुजला, "साहिब, सिंध, सुलतान. पाठ कर."

मग त्याने खिशातून छोटी पट्टी काढली. मला भीती होतीच. काचेबाहेर धरून, अंदाजाने, एक डोळा मिटून त्याने काहीतरी मोजलं आणि पुटपुटला, "साडेसोळा." ही एचओ मापाची मॉडेलं, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची. जगभर याच मापाचे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे असतात, कारण ते युरोपातल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळांवरून काढलेत. "आपला ब्रॉड गेज १६७६," मामा माझ्या मुलाला सांगायला लागला. "भागिले सत्त्याऐंशी. किती आले? कर, तोंडी कर." मुलाला सर्कशीतला झोपाळा बघायचा होता. "एकोणीस पूर्णांक सव्वीस! म्हणजे या रुळावर आपलं इंजिन चालवलं तर ते दोन्ही बाजूंनी सव्वा-सव्वा मिलिमीटरहून जास्त बाहेर येणार. चुकलं असं नाही. यांचा काय दोष? सगळं जगच युरोपच्या मापाने चाललंय." त्यानंतर त्याने स्वतःलाही सत्त्याऐंशीने भागलं. "मी इथे एकोणीस मिलिमीटरचा," असं म्हणून त्याने फलाटावरच्या चिमुकल्या माणसांत आपली उभी राहायची जागा पाहून ठेवली. अर्थात शेवटच्या टोकाला, जिथे इंजिन येऊन थांबतं.

तिथेच त्याला दुसरा मामा भेटला. म्हणजे आमचा कोणी नव्हे. तसलंच एक माणूस, पांढऱ्या मिशा, खिशात पेन, बरोबर कंटाळलेली सून. दोघांनी एकमेकांना नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. पोटजातीची चौकशी करावी तितक्या आस्थेने शेडची चौकशी झाली.

"डब्ल्यूपी पाहिलाय का तुम्ही, चालू?"

"पाहिलाय? हात लावलाय. दौंडला."

"आणि वायजी?"

"मिरजेचा आहे मी," मामा म्हणाला. एवढ्या उत्तराने समोरच्या गृहस्थांनी चक्क मान तुकवली. पुढची दहा मिनिटं दोघे नुसतेच आवाज काढत होते. डब्ल्यूपीची शिट्टी, अल्को डिझेलचं धापा टाकणं, जुन्या भोंग्याचे दोन सूर. ती सून आणि मी एकमेकींकडे बघून हसलो. अशा घरांतल्या बायकांना बोलून दाखवावं लागत नाही. तिने मला फक्त विचारलं, "तुमच्याकडे वह्या किती?" मी दोन्ही हात पसरून दाखवले. तिने एक कपाट दाखवलं.

मग दिवे मंद झाले. संध्याकाळ झाली, रात्र झाली, शहरातले बारके दिवे पेटले, डब्यांच्या खिडक्या उजळल्या. अंधारात खांब दिसेनासे झाले आणि सिग्नलचे नुसते ठिपके उरले. मामाने हात लांबवून माझ्या मुलाचा खांदा चाचपला आणि त्याला जवळ ओढलं.

"होमला काय आहे रे?"

"होम म्हणजे?"

"फलाटाच्या अलीकडचा सिग्नल. तो."

"हिरवा."

गाडी आली, दिव्यांची रांग सरकत गेली, फलाटाला लागली.

"आणि आता?"

"लाल झाला, आजोबा."

"मागचा डबा आत आल्यावर झाला ना? बघ नीट."

"हो. आत आल्यावर."

"मग बरोबर," मामा म्हणाला, आणि पुढच्या गाडीला हेच परत. मुलगाही पेटला. रात्र संपेपर्यंत तो एकेका सिग्नलचा अहवाल देत होता, आणि मामा प्रत्येक अहवालावर 'बरोबर' म्हणून शेरा मारत होता. दिवे परत लागले तेव्हा सर्कस बघायची राहून गेली हे पोराच्या लक्षातही आलं नव्हतं.

आम्ही पुढचा शोसुद्धा पाहिला. आणि त्याच्या पुढचा. तिसऱ्या वेळी मी बाहेर खुर्चीवर बसून आमच्या घरी थांबलेल्या मामीला फोन केला की आम्हाला उशीर होईल. मामी म्हणाली, "किती?" मी म्हटलं, "मामा आऊटरला उभा आहे." ती म्हणाली, "मग आमटी मी आता परत गरम करत नाही."

परतताना रिक्षात मामाने जाहीर केलं की मिरजेच्या घरातली मागची खोली रिकामी करायची. हिशोब सुरू झाला. एलएचबी डबा सुमारे साडेतेवीस मीटर, भागिले सत्त्याऐंशी, म्हणजे सत्तावीस सेंटिमीटर. अठरा डब्यांची गाडी म्हणजे इंजिनासकट पाच मीटर. खोली बारा फूट. "गाडी सरळ उभी राहायची म्हटलं तर भिंतीला भोक पाडून शेपूट स्वयंपाकघरात न्यावी लागेल," तो गंभीरपणे म्हणाला. "बोगदा म्हणता येईल." हे रात्री मामीपुढे मांडलं गेलं. मामीने ताट पुढे सरकवलं आणि विचारलं, "आणि मी वाटण घाटण करायचं ते कुठल्या फलाटावर?" यावर मामाने आठ डब्यांच्या पॅसेंजरवर तडजोड केली. वही उघडून त्याने नकाशा काढायला घेतला. माझा मुलगा शेजारी रंगपेटी घेऊन बसला होता, कारण सिग्नल रंगवायचं काम त्याच्याकडे होतं. मामी सांगते की त्या खोलीत अजून गव्हाची कोठी आणि जुन्या रजया आहेत, पण दारावर खडूने 'यार्ड' असं लिहिलेलं आहे.

तुमच्याकडेही असं एखादं माणूस असेल तर त्याला एकदा कोथरूडला घेऊन जा. जायच्या आधी वेळ विचारून घ्या. शो वीस-पंचवीस मिनिटांचा असतो आणि मुलांना तेवढा पुरतो. मामाला नेणार असाल तर मात्र त्या दुपारी दुसरं काही ठरवू नका, आणि परतायच्या गाडीचं तिकीट दुसऱ्या दिवसाचं काढा.